जुनी एसएसडी घेताय? आधी तिचं मीटर बघा

ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर.

यावेळचा प्रश्न सोलापूर-तुळजापूर रोडवरच्या तामलवाडीहून आलाय, माझ्या मामेभावाकडून. त्याचं तिथं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दुकानातला पीसी चालू होईपर्यंत चहा पिऊन होतो. सोलापुरात त्याला वापरलेली ५०० जीबीची सॅटा एसएसडी निम्म्या किमतीत मिळतेय. "दादा, घेऊ का?" त्या पीसीत गावातल्या पोरांचे दाखले, मार्कशीट, स्कॉलरशिपचे फॉर्म आहेत. त्यामुळे नुसतं 'घे' म्हणून भागत नाही.

झिजते म्हणजे काय?

एसएसडीत फिरणारं काही नसतं. बारीक बारीक कप्प्यांत विद्युतभार साठवून डेटा ठेवलेला असतो. कप्पा पुसून पुन्हा लिहिला की तो थोडा झिजतो. म्हणून कंपनी लिखाणाची हद्द सांगते. सॅमसंग ८७० इव्होच्या ५०० जीबी मॉडेलला ती ३०० टीबी आहे. दुकानात रोज २० जीबी लिहिलं, तर वर्षाला ७.३ टीबी होतात. म्हणजे ती हद्द गाठायला सुमारे ४१ वर्षं!

मग काळजी कसली? आधीच्या मालकाची. २०२१ मध्ये चिया नावाच्या क्रिप्टो नाण्यासाठी लोक सुमारे १०० जीबीची एकेक फाइल बनवायचे, आणि तेवढ्यासाठी एसएसडीवर १ टीबीहून जास्त लिखाण व्हायचं. अशी राबलेली एसएसडी वरून नवीकोरीच दिसते.

मीटर कुठं बघायचं?

जुनी गाडी घेताना आपण किलोमीटर बघतो, तसंच. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट ॲप टाका, लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स. एसएसडी यूएसबी केसमधून जोडली असेल, तर कधीकधी हे आकडे दिसत नाहीत. मग थेट पीसीत लावा. यात बघायचं ते असं:

- पॉवर ऑन अवर्स: एकूण किती तास चालली.
- टोटल होस्ट राइट्स: एकूण किती लिहिलं. कंपनीच्या हद्दीशी ताडून बघा.
- हेल्थ: किती टक्के आयुष्य उरलं याचा अंदाज. एनव्हीएमई एसएसडीत 'पर्सेंटेज यूज्ड' असा आकडा असतो, तो उलटा वाचायचा. शून्य म्हणजे नवी.
- अव्हेलेबल स्पेअर: राखीव कप्पे. सुरुवात १०० पासून होते. घसरत असेल तर लांब राहा.
- मीडिया एरर्स: एनव्हीएमईत हा आकडा शून्यच हवा. सॅटात 'रीॲलोकेटेड सेक्टर' बघा.
- अनसेफ शटडाउन्स: आपल्याकडे लाइट जाते, त्यामुळे हा आकडा मोठा दिसला म्हणून लगेच घाबरू नका.

विकणारा लांब असेल, तर व्हॉट्सॲपवर ही स्क्रीन मागवा, सोबत एसएसडीच्या स्टिकरचा फोटोही. दोन्हीकडचा सिरियल नंबर जुळला पाहिजे.

मीटर मागं फिरवलं असेल तर?

तेही होतं. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीच्या हाइझे या संकेतस्थळाने उघड केलं, की सीगेटच्या वापरलेल्या हार्ड डिस्क आकडे शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्या जात होत्या. म्हणून आकडे एकमेकांशी ताडा. सॅटा एसएसडी तासाला जेमतेम २ टीबी लिहू शकते. १० तास चाललीय आणि ४० टीबी लिहिलंय असं दिसलं, तर गडबड आहे.

मग पूर्ण भरून तपासा. रिकाम्या एसएसडीवर एचटूटेस्टडब्ल्यू चालवा, लिनक्सवर एफथ्री. ती शेवटपर्यंत लिहितात आणि परत वाचून पडताळतात. ५०० जीबी सांगून आत १२० निघाली, तर इथंच पकडली जाते.

सगळं हिरवं आलं. आता भरवसा?

अर्धाच. हेल्थ फक्त झीज सांगते. २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने जाहीर केलं, की त्यांच्या काही सर्व्हर एसएसडी बरोबर ३२,७६८ तासांनी बंद पडतात. ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास! कप्पे ठणठणीत, चूक फर्मवेअरमध्ये. टक्केवारीत असलं काही दिसत नाही. म्हणून कंपनीच्या साइटवर फर्मवेअर अपडेट आहे का, तेही बघा.

शिवाय एसएसडी कधीकधी एका क्षणात जाते. हार्ड डिस्कसारखी आधी कुरकुरतेच असं नाही. आणि गेली की डेटा परत मिळवणं महाग पडतं, कधी अशक्यच. जुनी एसएसडी काढून पेटीत ठेवून 'हाच बॅकअप' असंही करू नका. जेडेकच्या मानकाप्रमाणे, लिखाणाची हद्द संपलेल्या घरगुती एसएसडीने विजेशिवाय ३० अंशांत १ वर्ष डेटा टिकवावा, एवढीच अपेक्षा आहे. उष्णता वाढली की ही मुदत घटते, आणि आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहेच.

मामेभावाला मी सांगितलं: आठ दिवसांत परत घेणार असेल तरच घे. आकडे बघ, पूर्ण भरून तपास. मग तिच्यावर विंडोज टाक. पोरांच्या फाइली मात्र रोज दुकान बंद करताना जुन्या हार्ड डिस्कवर कॉपी कर आणि एक प्रत क्लाउडवर ठेव.

तुमच्या एसएसडीचे आकडे कळत नसतील, तर स्क्रीनशॉट पाठवा. सिरियल नंबर तेवढा झाका. भेटू पुढच्या भागात!