सलाईन म्हणजे जेवण नव्हे! मग शिरेतून ‘जेवण’ देताना सिस्टर नेमकं काय सांभाळतात?

आयसीयूमध्ये पेशंटच्या खाटेशेजारी दुधासारखी पांढरी पिशवी टांगलेली दिसली की नातेवाईकांना प्रश्न पडतो, शिरेतून दूध देतात की काय?

ते दूध नसतं. ग्लुकोज, अमिनो ॲसिड, स्निग्ध पदार्थ, क्षार आणि जीवनसत्त्वं असं सगळं त्यात असतं. पांढरा रंग येतो तो त्यातल्या तेलामुळे. याला टोटल पॅरेन्टरल न्यूट्रिशन, थोडक्यात टीपीएन म्हणतात. आतड्याला पीळ पडला, आतड्याचा मोठा भाग काढावा लागला किंवा बाळ फारच कमी दिवसांचं जन्मलं, तर पोटातून अन्न देता येत नाही. तेव्हा हा मार्ग निवडतात.

पण साध्या सलाईनवर भागत नाही का? नाही. नॉर्मल सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, त्यात शून्य कॅलरी. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत साखर असते फक्त २५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एका चपातीइतकी ऊर्जा. ‘सलाईन लावलंय, आता ताकद येईल’ हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे.

१९६० च्या दशकात अमेरिकेत डॉ. स्टॅनली ड्युड्रिक यांनी कुत्र्याच्या पिल्लांना फक्त शिरेतून पोषण देऊन वाढवून दाखवलं. त्याच काळात स्वीडनमध्ये अर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीन तेल आणि अंड्यातला घटक वापरून शिरेत सुरक्षितपणे देता येईल असं मिश्रण बनवलं. आजही अनेक मिश्रणांत हे दोन्ही असतात. म्हणून पेशंटला अंड्याची किंवा सोयाबीनची ॲलर्जी असेल तर ते आधीच सांगा.

आता मुख्य मुद्दा. हे द्रव इतकं दाट असतं की हाताच्या बारीक शिरेची आग होते, ती सुजते. त्यामुळे ते सहसा सेंट्रल लाइनमधून, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेल्या नळीतून देतात. तिथे रक्ताचा प्रवाह मोठा, द्रव लगेच पातळ होतं. पण जंतू शिरले तर तेही थेट रक्तात पोहोचतात, आणि साखर-तेलाचं हे मिश्रण म्हणजे जंतूंसाठी मेजवानीच! या पेशंटच्या बाबतीत सर्वात मोठी भीती याच संसर्गाची असते.

म्हणूनच सिस्टर नळीला हात लावण्याआधी दरवेळी हात स्वच्छ करतात, जोड अल्कोहोलने घासून पुसतात. टीपीएनसाठी नळीचा एक मार्ग राखून ठेवतात. त्यातून दुसरं औषध देत नाहीत, रक्तही काढत नाहीत. पिशवीवर तेलाचा थर सुटलेला दिसला तर ती लावायचीच नाही. एक पिशवी २४ तासांपेक्षा जास्त चालवत नाहीत. उरली तरी टाकून देतात. नातेवाईकांना हे वाया घालवणं वाटतं, पण इथे काटकसर महागात पडते.

सुरुवातीला दर ४ ते ६ तासांनी रक्तातली साखर तपासतात. रोज वजन, किती द्रव गेलं, किती लघवी झाली, याची नोंद असते. पिशवी मागे पडली म्हणून पंपाचा वेग वाढवायचा नाही, कारण साखर झपाट्याने चढते. अचानक बंदही करायची नाही, कारण मग ती धाडकन उतरू शकते. बरेच दिवस उपाशी असलेल्या पेशंटला तर सुरुवातच हळू करतात. एकदम भरपूर पोषण दिलं तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

नातेवाईकांनी पंपाची बटणं दाबू नयेत, त्याचा अलार्म वाजला तरी. पेशंटला थंडी वाजून आली, ताप चढला, दम लागला, दरदरून घाम फुटला किंवा नळीची पट्टी ओली दिसली, तर राउंडची वाट न बघता लगेच सिस्टरना बोलवा.

आणि हो, तोंडाने काही खात नसला तरी पेशंटचं तोंड रोज स्वच्छ करावंच लागतं. नाहीतर ते कोरडं पडतं, जिभेवर बुरशी धरते, आणि पुढे डॉक्टरांनी पेज द्यायला सांगितली तरी घास गिळवत नाही.