रविवारच्या अंकातली फाशी

१३ जुलै १८९०. रविवार. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘एक्झॅमिनर’ या वर्तमानपत्राचा अंक त्या दिवशी ज्यांनी उघडला, त्यांच्या पुढ्यात एक फाशी आली. उत्तर अलाबामातला रेल्वेचा पूल, खाली वीस फुटांवर वेगानं धावणारं पाणी, पुलावर हात पाठीशी बांधलेला पस्तिशीचा माणूस. गळ्यातला दोर डोक्यावरच्या तुळईला बांधलेला. एका फळीच्या एका टोकावर तो, दुसऱ्या टोकावर सार्जंट. सार्जंट बाजूला सरला की फळी उलटणार, एवढीच व्यवस्था. पहारेकरी कुठे उभे, बंदुका कशा धरलेल्या, पलीकडच्या काठावर तोफेचं तोंड कुठून डोकावतंय, सगळं मोजूनमापून सांगितलेलं. कुणा वार्ताहरानं जपून ठेवलेलं युद्धकाळातलं टिपणच छापलंय, असं वाटावं.

मग त्या माणसाला एक आवाज ऐकू येऊ लागतो. ऐरणीवर हातोडा पडावा तसा. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत जातं आणि आवाज मात्र अधिकाधिक धारदार होत जातो. ते असतं त्याच्याच खिशातलं घड्याळ. इथून पुढे गोष्ट कुठे जाते ते मी सांगणार नाही. ज्यांनी ‘अॅन अकरन्स अॅट आउल क्रीक ब्रिज’ वाचलेली नाही, त्यांच्या वाटणीचा धक्का मी का हिरावून घ्यावा?

या गोष्टीचा लेखक अँब्रोज बिअर्स. ‘कडवट बिअर्स’ ही त्याची ख्याती, आणि त्याच्याविषयी जे लिहिलं जातं त्यातलं निम्मंअधिक या कडवटपणावरच खर्ची पडतं. माझं कुतूहल वेगळं आहे. वर्तमानपत्र वाचताना आपण ओळ न् ओळ तपासत बसत नाही. छापलंय म्हणजे घडलंय, असं धरून चालतो. ही सवय बिअर्सला आतून ठाऊक होती, कारण चाळीस वर्षं त्याचं पोट तिच्यावरच चाललं. त्याच्या उत्तम गोष्टी म्हणजे या सवयीला शिताफीनं लावलेला सापळा आहे.

जन्म २४ जून १८४२ चा, ओहायो राज्यातल्या मेग्ज परगण्यातला. बाप मार्कस ऑरेलियस बिअर्स, नाव रोमन सम्राटाचं आणि धंदा कोरडवाहू नशिबाच्या शेतकऱ्याचा. घरात दारिद्र्य होतं, पुस्तकंही होती. तेरा मुलांची नावं बापानं एकाच इंग्रजी अक्षरावरून ठेवली: अॅबिगेल, अमेलिया, अॅन, अॅडिसन, ऑरेलियस अशी ती रांग चालते आणि दहावा अँब्रोज. कुटुंब पुढे इंडियानात गेलं. पंधराव्या वर्षी पोरगा वॉर्सा गावच्या ‘नॉर्दर्न इंडियानन’ या गुलामगिरीविरोधी पत्राच्या छापखान्यात लागला. अशा पोऱ्याला इंग्रजीत ‘प्रिंटर्स डेव्हिल’ म्हणतात, छापखान्यातला सैतान. पुढे त्याचं सर्वांत गाजलेलं पुस्तक ‘द डेव्हिल्स डिक्शनरी’ या नावानं आलं, तेव्हा त्याला हे जुनं पद आठवलं असेल की नाही कोण जाणे. मला मात्र दर वेळी आठवतं.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि अठरा वर्षांचा बिअर्स नवव्या इंडियाना पायदळात भरती झाला. पुढल्या एप्रिलात शायलोची लढाई. दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून तेवीस हजारांवर मृत, जखमी आणि बेपत्ता. १८६३ मध्ये जनरल विल्यम हेझनच्या हाताखाली त्याला नेमणूक मिळाली, ती नकाशे काढणारा अधिकारी म्हणून. सैन्याच्या पुढे जायचं, ओढा कुठे उतरता येतो, कडा किती उंच, तोफा कुठून वर चढतील हे पाहायचं आणि कागदावर आणायचं. चुकीच्या नकाशानं माणसं मरतात. आपल्या अंगावर गोळी आली तरी अंतर आधी नोंदवायचं, ही शिस्त त्या नोकरीतली. जून १८६४ मध्ये केनेसॉ डोंगरापाशी त्याच्या डोक्यात गोळी लागली. तो वाचला, सप्टेंबरात परत कामावरही आला, पण १८६५ च्या जानेवारीत सैन्यातून बाहेर पडला.

त्याच्या युद्धकथा वाचताना हा नकाशा सतत जाणवतो. ‘अ हॉर्समन इन द स्काय’ सुरू होते ती रस्ता कुठे वळतो, कडा कुठे तुटतो आणि दरीत किती सैन्य दडलंय या हिशेबानं. आणि याच माणसानं एक गंमत करून ठेवली आहे. आउल क्रीक नावाचा ओढा खरोखर आहे, पण तो टेनेसीत, शायलोच्या रणभूमीलगत. गोष्टीत त्यानं तो उचलून अलाबामात नेला. नकाशेवाल्याच्या हातून नजरचुकीनं ओढा सरकत नाही.

सगळ्यांत भीषण कथा मात्र ‘चिकामॉगा’. सप्टेंबर १८६३ च्या या नावाच्या लढाईत तो स्वतः होता. दोन दिवसांत चौतीस हजारांच्या आसपास माणसं मारली गेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. २० जानेवारी १८८९ च्या ‘एक्झॅमिनर’मध्ये, पुन्हा रविवारीच, ही गोष्ट आली. सहा वर्षांचा मुलगा लाकडी तलवार घेऊन रानात लुटुपुटूची लढाई खेळतोय. सशाला घाबरून पळतो, वाट चुकतो, रडत रडत झोपी जातो. जाग येते तेव्हा संध्याकाळ झालेली आणि झाडीतून काहीतरी सरपटत येतंय. एक नाही, शेकडो. ओढ्याकडे रांगत निघालेले जखमी सैनिक. पोराला वाटतं, हा खेळ आहे. बापाचे गुलाम त्याला हातापायांवर चालून घोडा-घोडा खेळवायचे, तसा तो एकाच्या पाठीवर चढतो. तो माणूस त्याला खाली पाडतो आणि तोंड वळवतो, तर खालचा जबडाच नाही. पोर जरा बिचकतं, मग तलवार उगारून त्या रांगत्या फौजेच्या पुढे चालू लागतं. कुठेतरी आग लागलेली दिसते, तिकडे. आग त्याच्याच घराला लागलेली असते, आणि आई अंगणात पडलेली असते. तेव्हा कुठे लेखक सांगतो की मूल मुकं आणि बहिरं आहे. तोफा गडगडत असताना ते झोपलं कसं, हा प्रश्न आपल्याला पडलाच नव्हता, जरी लढाई त्याला ऐकूच आली नाही हे लेखकानं आधीच सांगून टाकलं होतं. आपण मात्र ते वाचूनही ऐकलं नव्हतं.

युद्धानंतर १८६६ मध्ये हेझनबरोबर पश्चिमेकडच्या लष्करी ठाण्यांची पाहणी करत तो सॅन फ्रान्सिस्कोला पोचला. कॅप्टनपदाची आशा होती, हाती आलं सेकंड लेफ्टनंटचं पद. त्यानं ते नाकारलं, सरकारी टांकसाळीत नोकरी धरली आणि लिहायला लागला. १८६८ मध्ये ‘न्यूज लेटर’ या साप्ताहिकाचा संपादक. १८७१ च्या नाताळात मॉली डेशी लग्न. १८७२ ते १८७५ इंग्लंडात. तिथे ‘डॉड ग्राइल’ या टोपणनावानं तीन पुस्तकं, आज कुणी मुद्दाम शोधून वाचावीत अशी नव्हेत. मधेच डाकोटाच्या खाणीत व्यवस्थापकी करून हात पोळले. १८८१ ते १८८६ ‘वॉस्प’चं संपादन. हे सगळं मी भराभर सांगतोय, कारण खरी गोष्ट १८८७ मध्ये दारावर थाप पडते तिथे सुरू होते.

दारात एक लाजाळू तरुण उभा. आपण ‘एक्झॅमिनर’कडून आलोय, असं तो म्हणाला; म्हणजे मिस्टर हर्स्टकडून आलास का, असं बिअर्सनं विचारलं, तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, मीच मिस्टर हर्स्ट. बापाकडून नुकतंच वर्तमानपत्र मिळालेला, चोविशीच्या आगेमागे असलेला विल्यम रँडॉल्फ हर्स्ट. हा प्रसंग बिअर्सनंच पुढे लिहून ठेवला आहे. या तरुणाकडे तो वीसएक वर्षं टिकला, भांडला, राजीनामे दिले, परत आला. ‘प्रॅटल’ या त्याच्या सदरात कवी, पाद्री, पुढारी, सावकार दर आठवड्याला सोलून निघत. आपल्याकडे ‘मराठा’ उघडून आज अत्र्यांनी कुणाला धरलंय हे आधी पाहणारी एक पिढी होती. ‘प्रॅटल’चे वाचक त्याच जातीचे. रेल्वेसम्राट लेलँड स्टॅनफर्डचं नाव तो छापताना पहिल्या अक्षराच्या जागी पौंडाचं आणि आडनावाच्या आरंभी डॉलरचं चिन्ह टाकी. एकही विशेषण न वापरता काम फत्ते. खिळे हाताळलेल्या माणसालाच सुचावी अशी ही थट्टा.

रेल्वेशी खरी झुंज १८९६ मध्ये झाली. सरकारकडून घेतलेल्या कोट्यवधी डॉलरच्या कर्जाची मुदत भरत आली होती, आणि सदर्न पॅसिफिकचा सर्वेसर्वा कॉलिस हंटिंग्टन ती कित्येक दशकं पुढे ढकलणारं विधेयक काँग्रेसमधून गुपचूप पार करून घेण्याच्या खटपटीत होता. हर्स्टनं बिअर्सला वॉशिंग्टनला धाडलं. दम्यानं बेजार माणूस, पण कमिटीत काय बोललं गेलं, कोण कुणाच्या खोलीत गेलं हे तो रोज तारेनं पाठवत राहिला. आख्यायिका अशी की कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर हंटिंग्टननं त्याला गाठून किंमत विचारली, आणि त्यानं तेरा कोटी डॉलरचा आकडा सांगून वर सुचवलं की ते पैसे मला नको, सरकारी खजिन्यात भरा. संवाद फारच घोटीव आहे. पत्रकारांच्या आठवणीत संवाद असे घोटीव होत जातात. विधेयक मात्र १८९७ च्या जानेवारीत खरोखर पडलं.

याच लेखणीनं एकदा मालकालाही गोत्यात आणलं. १९०० च्या आरंभी केंटकीचे नेते विल्यम गोबेल गोळी लागून मरण पावले. बिअर्सनं चार ओळींची कविता लिहिली. गोबेलच्या छातीतून गेलेली गोळी आता अध्यक्ष मॅकिन्लीच्या रोखानं निघाली आहे, असा तिचा मथितार्थ. सप्टेंबर १९०१ मध्ये मॅकिन्लींवर खरोखरच गोळ्या झाडल्या गेल्या आणि प्रतिस्पर्ध्यांनी ती कविता उकरून काढून हर्स्टच्या तोंडावर मारली. हर्स्टनं त्याबद्दल आपल्याला कधी अवाक्षर विचारलं नाही, हे बिअर्सनं नंतर नमूद केलं. हर्स्टविषयी त्यानं लिहिलेलं बरं म्हणता येईल असं ते जवळपास एकमेव वाक्य असावं.

घरी सगळी पडझड. पत्नीला आलेली कुणा परपुरुषाची पत्रं हाती लागली आणि १८८८ मध्ये दोघं वेगळी झाली. पुढल्याच वर्षी थोरला मुलगा डे एका मुलीवरून झालेल्या गोळीबारात गेला, सोळाव्या वर्षी. धाकटा ली १९०१ मध्ये न्यूमोनियानं. ‘चिकामॉगा’ आणि ‘आउल क्रीक’ या दोन्ही तारखा त्या फुटीनंतरच्या आहेत. दुःखातून कला वगैरे सिद्धान्त मला मांडायचा नाही; तारखा शेजारी ठेवल्या, इतकंच.

पुस्तकांचं नशीब विचित्र. युद्धकथांचा ‘टेल्स ऑफ सोल्जर्स अँड सिव्हिलियन्स’ हा संग्रह १८९१ सालच्या तारखेनं निघाला, तो सॅन फ्रान्सिस्कोतल्या ई. एल. जी. स्टील या व्यापाऱ्यानं पुढे होऊन छापला म्हणून. शब्दकोशातल्या तिरकस व्याख्या १८८१ पासून सदरांतून विखुरल्या होत्या. १९०६ मध्ये त्या पुस्तकरूपात आल्या तेव्हा शीर्षकातला सैतान बिचकून काढून टाकला गेला आणि १९११ मध्ये परतला. १९०९ ते १९१२ दरम्यान त्यानं स्वतः समग्र लेखनाचे बारा खंड सिद्ध केले. स्वतःच्या लेखनाचा इतका वाईट संपादक विरळा. विस्मृतीत गेलेल्या शत्रूंशी झालेली भांडणं त्यानं पानंच्या पानं जपली. दहा-बारा उत्तम गोष्टी त्या अडगळीतून हुडकाव्या लागतात.

त्या हुडकल्या गेल्या, त्याही दूरवर. जपानी वाचकांना बिअर्सची ओळख करून देणाऱ्यांत र्‍यूनोसुके अकुतागावा आघाडीवर होता. तोही ओसाकाच्या ‘माइनिची’ या वर्तमानपत्राच्या पगारावर असलेला कथाकार. बिअर्सच्या १९०७ मधल्या ‘द मूनलिट रोड’मध्ये एका खुनाबद्दल तीन जण बोलतात: मुलगा, स्मृती हरवलेला एक माणूस आणि माध्यमाच्या तोंडून खुद्द मेलेली बाई. अकुतागावाच्या १९२२ मधल्या ‘इन अ ग्रोव्ह’मध्येही मृत माणूस माध्यमाच्या तोंडून साक्ष देतो. तिच्यावरून १९५० मध्ये कुरोसावाचा ‘राशोमोन’. फिल्म सोसायटीच्या खुर्चीत बसून मी तो चित्रपट तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा त्याला अस्सल जपानी मानलं. त्याच्या वंशावळीत हर्स्टच्या मासिकात छापलेली अमेरिकन भुताची गोष्ट आहे, हे फार उशिरा कळलं. ‘आउल क्रीक’वरच्या रोबेर आँरिकोच्या फ्रेंच लघुपटाला कान महोत्सवाचं पारितोषिक आणि ऑस्कर दोन्ही मिळालं.

ऑक्टोबर १९१३ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, बिअर्स वॉशिंग्टनहून निघाला. आधी आपल्या जुन्या रणभूमी पाहिल्या, मग टेक्सासमार्गे सरहद्द ओलांडून मेक्सिकोच्या क्रांतीत शिरला. क्रांतिकारक पांचो व्हियाच्या फौजेमागून चिवावा शहरी पोचला. २६ डिसेंबर १९१३ या तारखेचं चिवावाहून धाडलेलं पत्र हा शेवटचा माग. मुलगी हेलननं सरकारकडे चौकशी लावली, अधिकाऱ्यांनी शोध घेतला, हाती काही आलं नाही. सिएरा मोहादा गावात भिंतीपाशी उभं करून त्याला गोळ्या घातल्या, असं तिथले लोक सांगतात. कार्लोस फुएन्तेसनं १९८५ मध्ये या शेवटावर ‘ग्रिंगो व्हिएहो’ ही कादंबरी लिहिली; चार वर्षांनी आलेल्या चित्रपटात ग्रेगरी पेकनं बिअर्स उभा केला.

१८८८ च्या ऑक्टोबरातल्या ‘एक्झॅमिनर’मध्ये बिअर्सची एक छोटीशी गोष्ट आली होती, ‘द डिफिकल्टी ऑफ क्रॉसिंग अ फील्ड’. अलाबामातला एक जमीनदार भर दिवसा, बायको आणि शेजारी बघत असताना, समोरचं कुरण ओलांडायला निघतो आणि मधल्यामध्ये नाहीसा होतो. बिअर्सनं ती कोर्टातल्या साक्षीच्या भाषेत लिहिली: सेल्मा गावापासून किती मैल, साक्षीदार कुठे होता, त्यानं गाडी का वळवली. पुढे अमेरिकेत एक हकिगत पसरली. टेनेसीतला डेव्हिड लँग नावाचा शेतकरी, असंच शेत, असेच बघत असलेले साक्षीदार, असंच नाहीसं होणं. शोध घेणाऱ्यांना असा कुणी लँग कधी सापडला नाही, आणि मूळ बिअर्सच्याच गोष्टीत असावं, असं बहुतेकांचं मत. अद्भुत घटनांच्या पुस्तकांतून ती हकिगत अजूनही सत्यकथा म्हणून छापली जाते. लेखकाचं नाव तिच्याखाली नसतं.