हप्त्यांची वही आणि कर्जदाराची अब्रू

शाळेत गणित शिकविताना मी मुलांना सांगत असतो की, उत्तर बरोबर आले तरी रीत मांडल्यावाचून गुण मिळत नाहीत. कर्जफेडीच्या हप्त्यांनाही हाच नियम लागू आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील हातात नोटीस घेऊन घरी आले. “मास्तर, दरमहा पैसे भरले, तरी मी थकबाकीदार कसा?” त्यांचा प्रश्न रास्त होता. अडचणीमुळे अर्धा हप्ता भरण्याचे त्यांनी कारकुनाशी तोंडी ठरविले होते. परंतु संगणकातील वेळापत्रक कोणी बदललेच नव्हते. त्यामुळे यंत्राने प्रत्येक महिन्याचा हप्ता अपुरा धरला आणि दंड चढविला. यंत्राला जे सांगितले तेच त्याने केले. चूक माणसांची होती.

हप्त्यांची नोंद वहीत असो वा संगणकात, तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: ठरले काय, आले काय आणि उरले काय. समजा, 12,000 रुपयांची बिनव्याजी रक्कम दरमहा 1,000 प्रमाणे 12 महिन्यांत फेडावयाची आहे. तीन हप्ते आले. चौथ्या व पाचव्या महिन्यांत घरी आजारपण निघाले. आता बाकी 9,000 आणि त्यांपैकी थकबाकी 2,000. येथे दोन मार्ग आहेत. मुदत तीच ठेवली, तर उरलेल्या सात महिन्यांत 1,286 रुपयांचे सहा हप्ते आणि शेवटचा 1,284 रुपयांचा. हप्ता तोच ठेवला, तर आणखी नऊ हप्ते, म्हणजे फेड चौदाव्या महिन्यात पुरी होईल. कोणता मार्ग झेपेल हे कुटुंबाला विचारूनच ठरवावे.

मात्र नवे वेळापत्रक करताना जुने पुसू नये. ते तारीख व कारण नोंदवून बंद करावे आणि नवे त्याखाली मांडावे. जुने पुसले, तर पुढे वाद निघाल्यास कोणापाशीच पुरावा राहत नाही.

एकाच माणसाची दोन कर्जे असतील, तर आलेली रक्कम कोणत्या खाती जमा करावी? 1872 च्या भारतीय करार कायद्याची 59 ते 61 ही कलमे याचे उत्तर देतात. कर्जदाराने सांगितले असेल आणि पैसे स्वीकारले गेले असतील, तर त्याच खाती. त्याने काही सूचित केले नसेल, तर धनको ठरवील. दोघांनीही ठरविले नाही, तर आधीचे देणे आधी. म्हणून पैसे भरतानाच पावतीवर तसे लिहवून घ्यावे.

दंडाविषयीही एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. बँकांनी थकलेल्या हप्त्यावरील दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज आकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने 2023 साली बजावले आहे. धर्मादाय संस्थांनी तर याहूनही सौम्य असावे.

वाचकबंधुभगिनींना माझी एवढीच विनंती की, हप्ता चुकणार असे दिसताच तारखेपूर्वी कार्यालयात जावे, जे ठरेल ते लेखी घ्यावे आणि पावत्या जपून ठेवाव्यात. अडचण सांगण्यात कमीपणा नाही. तोंडी शब्दावर विसंबून प्रामाणिक माणसाला थकबाकीदार ठरावे लागते, हे मात्र खरे दुःख आहे.