कॉम्प्युटरच्या टेबलाशेजारी कोणता फायर एक्स्टिंग्विशर ठेवाल?

परवा घरून थिसिसचं काम करणाऱ्या एका ज्युनियरने विचारलं, "टेबलावर सीपीयू, मॉनिटर, यूपीएस, खाली एक्स्टेंशन बोर्ड. शेजारी एक्स्टिंग्विशर ठेवायचाय. सगळ्यात चांगला कोणता?" आपण रिसर्चमध्ये वारंवार करतो तीच चूक या प्रश्नात आहे. चांगली मेथड कोणती, हे ठरवण्याआधी प्रॉब्लेम काय आहे ते ठरवायला हवं. इथे प्रॉब्लेम म्हणजे, जळतंय काय?

आधी व्याख्या

आपल्याकडे आगीचे वर्ग असे आहेत: ए म्हणजे लाकूड, कागद, कापड, बी म्हणजे पेट्रोलसारखे द्रव, सी म्हणजे वायू, डी म्हणजे धातू. अमेरिकेत मात्र सी म्हणजे वीज चालू असलेल्या उपकरणाची आग. त्यामुळे अमेरिकन माहिती वाचून इथे खरेदी केलीत तर घोटाळा होतो. सिलिंडरवर 'विजेच्या उपकरणांसाठी योग्य' असं लिहिलंय का, ते वेगळं बघा.

मुळात वीज जळत नाही, जळतं ते प्लास्टिक आणि वायरचं आवरण. म्हणून पहिलं काम मेन स्विच बंद करणं. पण यूपीएस किंवा इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही पुढे वीज चालूच राहते! हाताला सुरक्षितपणे लागत असेल तर तोही बंद करा. पाणी तोपर्यंत मारायचं नाही.

पर्याय कोणते?

एबीसी पावडर स्वस्त आणि सहज मिळणारी. त्यात मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट असतं. आग विझते, पण बारीक पावडर पंख्यांतून आत शिरते आणि दमट हवेत सर्किट गंजवते.

कार्बन डायऑक्साइड मागे काहीच ठेवत नाही, त्यामुळे मशीन वाचण्याची शक्यता जास्त. पण जरा गणित करू. २ किलो वायू म्हणजे सुमारे ४५ मोल, खोलीच्या तापमानाला साधारण १.१ घनमीटर. १० फूट लांब, रुंद आणि उंच खोली म्हणजे २८ घनमीटर. म्हणजे पूर्ण सिलिंडर रिकामा केला तरी खोलीत सरासरी ४ टक्केच वायू. यातून दोन गोष्टी कळतात. एक, खोली 'भरून' आग विझणार नाही, फवारा थेट आगीच्या बुडाशीच मारावा लागतो. दोन, ४ टक्के ही पातळी अमेरिकेतली 'नायॉश' ही संस्था जिवाला तत्काळ धोकादायक मानते. म्हणून दाराकडे पाठ ठेवून मारायचं आणि लगेच बाहेर पडायचं. पुढचा भोंगा प्रचंड थंड होतो, त्याला हात लावू नका. शिवाय हा वायू फारसा थंडावा देत नाही, त्यामुळे धुमसणारा कागद किंवा पडदा पुन्हा पेटू शकतो.

तिसरा पर्याय क्लीन एजंट. डाग नाही, पावडर नाही, पण महाग. जुना हॅलॉनचा सिलिंडर कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. ओझोन थराला मारक असल्याने माँट्रियल कराराखाली त्याचं उत्पादन बंद झालंय.

लॅपटॉपची लिथियम बॅटरी पेटली तर गोष्ट वेगळी. आतली रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता तयार करत राहते, त्यामुळे ज्वाळा विझल्या तरी ती पुन्हा भडकते. धूरही विषारी असतो. खोली सोडा, दार ओढून घ्या, १०१ लावा.

मग घ्यायचं काय?

एकच घेणं परवडत असेल तर एबीसी पावडर. मशीन खराब होईल, पण पडदा आणि गादीपर्यंत गेलेली आगही तीच आवरते. दोन शक्य असतील तर टेबलासाठी २ किलोचा कार्बन डायऑक्साइड जोडीला घ्या. दोन्ही टेबलाखाली नकोत, दाराजवळ ठेवा. आयएसआय मार्क बघा. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला सहसा काटा नसतो, तो वजन करूनच तपासावा लागतो. आणि घरातल्या सगळ्यांना तो उचलता येतो का, हेही एकदा करून बघा.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. छोटा सिलिंडर साधारण दहा-बारा सेकंदांत संपतो. तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही तर बाहेर पडायचं. पण तीन वर्षांचा डेटा एकाच हार्ड डिस्कवर असेल तर त्या क्षणी तुमचा पाय निघणार नाही. म्हणून एक्स्टिंग्विशर शोधायच्या आधी, आज रात्रीच, एक बॅकअप घराबाहेर ठेवा.