सतरांपैकी पंधरा: राजकमलच्या घरच्या नायिका

१७ चित्रपट आणि त्यांतल्या १५ चित्रपटांत नायिका घरची. १९५१चा 'अमर भूपाळी' ते १९८७चा शेवटचा हिंदी चित्रपट, एवढ्या काळात व्ही. शांताराम यांनी 'राजकमल कलामंदिर'साठी जे चित्रपट दिग्दर्शित केले, त्यांतल्या प्रमुख चित्रपटांचा हा हिशेब. दोन भाषांत निघालेला चित्रपट एकच धरला आहे. १२ चित्रपटांत पत्नी संध्या. 'सुबह का तारा'त (१९५४) त्याआधीच्या पत्नी जयश्री, 'गीत गाया पत्थरों ने'मध्ये (१९६४) मुलगी राजश्री, 'चानी'त (१९७७) संध्या यांची भाची रंजना. बाहेरच्या दोघीच: 'बूँद जो बन गई मोती'त (१९६७) मुमताज आणि अखेरच्या चित्रपटात पद्मिनी कोल्हापुरे.

काटेकोर वाचक इथे बोट ठेवील. शांताराम आणि संध्या यांचं लग्न १९५६चं, मग 'अमर भूपाळी', 'तीन बत्ती चार रास्ता' आणि 'झनक झनक पायल बाजे' घरच्या खात्यात कसे? बरोबर आहे, ते तीन वजा करा. 'परछाईं' (१९५२) मात्र राहील, कारण त्यात जयश्रीही होत्या. उरतात १७ पैकी १२. तरीही प्रमाण ७० टक्क्यांच्या वरच.

घरातल्या माणसावर चित्रपट उभा करण्याची चाल आजही मोडलेली नाही. २०१८ साली प्रवीण तरडे यांनी 'मुळशी पॅटर्न' केला. जमिनी विकलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांची ही गोष्ट मुळशीकरांना कुणी समजावून सांगायला नको. तिचा हिंदी अवतार 'अंतिम' २०२१ साली सलमान खानच्या कंपनीनं काढला. ओम भूतकरनं मूळ चित्रपटात केलेली भूमिका तिथे गेली आयुष शर्माकडे, म्हणजे सलमानच्या बहिणीच्या नवऱ्याकडे. गोष्ट मुळशीची, नायक जावईबापू.

राजकमलच्या आधी 'प्रभात' होती, आणि तिचा साचा नेमका उलटा. मुळशीहून पौड रस्त्यानं पुण्यात शिरलं की लॉ कॉलेज रस्ता लागतो. त्याच रस्त्यावर प्रभातचा स्टुडिओ होता आणि १९६० पासून तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. १९२९ साली कोल्हापुरात निघालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. मालक पाच: शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी. पाच जणांच्या भागीदारीत कोण्या एकाचं घर कंपनी होऊ शकत नाही. जयश्री 'शेजारी'च्या (१९४१) नायिका. त्यांच्याशी शांतारामांनी लग्न केलं आणि १९४२ मध्ये ते प्रभातमधून बाहेर पडले. त्याच वर्षी मुंबईत परळला, वाडिया बंधूंच्या मूव्हीटोनच्या जागेत, राजकमल सुरू झालं. नाव वडील राजाराम आणि आई कमळाबाई यांच्यावरून. पाटीवरच आईवडील म्हटल्यावर आत कोण असणार, हे वेगळं सांगायला नकोच. कॅमेऱ्यामागे धाकटे भाऊ व्ही. अवधूत होतेच. पुढे मुलगा प्रभात कुमार यानं 'तूफान और दिया' (१९५६) दिग्दर्शित केला. त्यात नंदा होत्या, शांतारामांचे नातलग मास्टर विनायक यांच्या कन्या, म्हणजे पुन्हा नात्यातल्याच. 'लडकी सह्याद्री की'मध्ये (१९६६) पंडित जसराज गायले. मुलगी मधुरा यांचे ते यजमान.

पैशाचा पाया घातला तो पहिल्याच चित्रपटानं. 'शकुंतला' (१९४३) मुंबईच्या स्वस्तिकमध्ये १०४ आठवडे चालला. एका पडद्यावर दोन वर्षं! नायिका अर्थातच जयश्री. स्वतःचा स्टुडिओ, त्यात असा चित्रपट आणि पुढे दादरचं प्लाझाही हाताशी, म्हटल्यावर पुढच्या निर्मितीसाठी सावकाराच्या दारात जाण्याची घाई राहत नाही.

पण घरच्या नायिकेचा खरा फायदा पैशात मोजता येत नाही. तो तारखांत आहे. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) हा नृत्याचा चित्रपट, समोर गोपीकृष्ण यांच्यासारखा कथकमधला पट्टीचा नर्तक, आणि संध्या तर नृत्य शिकलेल्या नव्हत्या. गोपीकृष्ण यांच्याकडेच तालीम घेऊन त्या उभ्या राहिल्या. चार कंपन्यांना तारखा वाटून बसलेली नटी एवढा वेळ कुठून देणार? 'नवरंग'मधलं (१९५९) होळीचं नृत्य पुन्हा पाहा. संध्या एकट्याच पुरुषही होतात आणि बाईही. पाठमोऱ्या झाल्या की मागे बांधलेला पुरुषी मुखवटा समोर येतो, वळल्या की घागरा आणि लाजरा चेहरा. सोबतीला नाचणारा खराखुरा हत्ती. असलं काम फावल्या वेळात होत नाही.

गंमत अशी की अखेरचा चित्रपट सोडला तर नायक मात्र बाहेरचे, नाहीतर खुद्द शांताराम. 'परछाईं', 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आणि 'स्त्री' (१९६१) या तिन्हींत तेच. 'दो आँखें'ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आणि १९५८ साली बर्लिनचं रौप्य अस्वल मिळालं. माझ्या मते राजकमलचा हा सर्वांत अस्सल चित्रपट, आणि त्याचं श्रेय घराण्यापेक्षा विषयाला अधिक. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग त्यामागे आहे.

आता या १७ चित्रपटांच्या वेगाचे आकडे. १९५१ ते १९६१ या ११ वर्षांत शांतारामांनी त्यांतले ८ दिग्दर्शित केले. पुढच्या ११ वर्षांत ६. त्यातला शेवटचा 'पिंजरा' (१९७२). तेव्हा त्यांचं वय ७० होतं, आणि महाराष्ट्रानं तो डोक्यावर घेतला. त्यानंतरच्या १५ वर्षांत फक्त ३. नायिका घरात होती, भाची होती, नातूही तयार होत होता. पण शांतारामांच्या जागी उभा राहील असा दिग्दर्शक घरात झाला नाही. प्रभात कुमारचा प्रयत्न फार पुढे गेला नाही. स्टुडिओला मात्र बाहेरचं काम भरपूर होतं. 'शोले'चं ध्वनिमिश्रण करणारे मंगेश देसाई राजकमलचेच.

१९८७ च्या त्या अखेरच्या चित्रपटात नायक होता नातू सुशांत रे. चित्रपट चालला नाही. शांताराम ३० ऑक्टोबर १९९० रोजी गेले. पण मधल्या काळात, १९८८ मध्ये, मुलगा किरण शांताराम यांनी निर्माता म्हणून एक विनोदी चित्रपट काढला आणि दिग्दर्शन घराबाहेरच्या सचिन पिळगावकर यांच्याकडे सोपवलं. तो 'अशी ही बनवाबनवी'. त्यातला शंतनू म्हणजे तोच सुशांत रे. नायिका चार: अश्विनी भावे, निवेदिता जोशी, प्रिया अरुण आणि सुप्रिया पिळगावकर. चौघींपैकी शांतारामांच्या घरातली एकही नव्हती. सुप्रिया होत्या त्या दिग्दर्शकाच्या घरच्या.