मुंबई बेटाची जहागीर : मालकीच्या चार शतकांचा मागोवा

इंग्लंडच्या ग्रामेतिहासात 'मॅनर' ही संज्ञा पदोपदी आढळते. तिला मराठीत एकच नेमका प्रतिशब्द नाही. जहागीर, इनाम, खोती आणि वतन या चारही शब्दांचा थोडाथोडा अंश तीत आहे. मॅनर म्हणजे केवळ जमीन नव्हे. धन्याची खास शेती, मुक्त खातेदारांकडून येणारा ठरावीक सारा, बांधलेल्या कुळांकडून घेतली जाणारी सेवा, गावाचे न्यायासन आणि या सर्वांवर वंशपरंपरेने चालणारे धनीपण अशा हक्कांची ती मोळी होती. हा धनी स्वतःही कोणाचा तरी, सरतेशेवटी राजाचा, पट्टेदार असे. त्यामुळे मॅनरची मालकी कोणाकोणाकडे गेली असे विचारण्यापूर्वी मालकी नेमकी कशाची, हे पाहावे लागते. महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वात बोलका नमुना मुंबई बेटात सापडतो. हे बेट प्रथम पोर्तुगीज पद्धतीची जहागीर होते, आणि पुढे कायद्याच्या भाषेत ते इंग्लंडमधील एका प्रत्यक्ष मॅनरला जोडले गेले.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगिजांना दिली. पोर्तुगीज राजसत्तेने ही भूमी स्वतः न कसता पराक्रमी सरदार, अधिकारी व धर्मसंस्था यांना वाटून दिली. जमिनीचे मूळ धनीपण राजाचे. धारकाने वर्षाला ठरलेला 'फोरो' म्हणजे सारा भरावा आणि प्रसंगी लष्करी सेवा द्यावी, अशी ही रीत होती. माझगाव १५७२ मध्ये सूझा इ लिमा घराण्याला कायमचे मिळाले. परळकडील जमिनी कालांतराने जेझुइटांकडे आल्या. खुद्द मुंबई बेट १५५० च्या दशकात गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे आले.

ओर्ता हा नावापुरता धनी नव्हता, परंतु तो बेटावर राहतही नव्हता. त्याचा व्यवसाय, घर आणि ग्रंथलेखन गोव्यात होते. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मुंबईची जमीन आपल्याला कायमच्या फोरोने मिळाल्याचा उल्लेख त्यात येतो. आंब्यावरील संवादात मुंबईतील त्याचा कुळवहिवाटदार सिमांव तोस्कानो धन्यासाठी आंबे घेऊन गोव्यात पोहोचतो. आपल्या बेटावरील एक आंबा वर्षातून दोनदा फळतो, असेही ओर्ता सांगतो. ग्रंथ वैद्यकाचा असल्याने वाचक या तपशिलाकडे सहसा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहतो. प्रत्यक्षात जहागिरीची संपूर्ण उतरंड या एका प्रसंगात दिसते : लिस्बनमध्ये राजा, गोव्यात धनी, मुंबईत मक्तेदार आणि त्याच्याखाली ज्यांची नावे ग्रंथात येत नाहीत असे कुणबी, भंडारी व कोळी. ओर्ता १५६८ मध्ये वारला. तो ज्यू वंशाचा होता. १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.

बेटावर ओर्ताच्या काळात उभे राहिलेले मोठे घर या इतिहासाचे केंद्र ठरले. सतराव्या शतकाच्या मध्यास त्या घराची आणि बेटाच्या धनीपणाची वारस डोना इग्नेझ द मिरांडा ही होती. ती रॉड्रिगो द मोन्सांतो याची विधवा. पोर्तुगीज तिला 'बेटाची धनीण' म्हणत. २३ जून १६६१ च्या विवाहकरारान्वये मुंबई इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला मिळाली. मात्र गोव्याचा व्हाइसरॉय अंतोनियो द मेलो इ कास्त्रो याने हस्तांतर दीर्घकाळ अडवून धरले. ताबा घेण्यासाठी आलेला सर अब्राहम शिपमन अंजदीव बेटावर १६६४ मध्ये मरण पावला. अखेर त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याने १८ फेब्रुवारी १६६५ रोजी डोना इग्नेझच्या घरीच बेटाचा ताबा घेतला. कुकने जमिनीवर चालून दाखविले, माती व दगड हातात घेतले, बुरुजांवर चढून भिंतींना हात लावला. मध्ययुगीन युरोपात जमिनीचे हस्तांतर कागदाने नव्हे, अशा कृतीने पूर्ण होत असे.

येथेच एक गुंता निर्माण झाला. राजाला बेटाची सत्ता मिळाली, पण बेटाची जमीन मिळाली काय? कुकने व्हाइसरॉयशी केलेल्या करारात रहिवाशांची मालमत्ता अबाधित राहील, असे मान्य करण्यात आले होते. डोना इग्नेझचे घर व जमीनही तिच्या इच्छेविरुद्ध घेतली जाणार नव्हती. म्हणजे ध्वज बदलला, तरी मोळीतील बरेच हक्क पूर्वीच्याच हातांत राहिले.

राजाला हे बेट लवकरच जड झाले. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिले. दर वर्षी ३० सप्टेंबरला १० पौंड सोन्यात भरायचे होते, आणि बेट 'केंट परगण्यातील ईस्ट ग्रीनिचच्या मॅनरप्रमाणे, मुक्त व सामान्य सॉकेज धारणेने' राखायचे होते. हे शब्द आज विनोदी वाटतात. मुंबईचा केंटशी संबंध काय, असे कोणीही विचारील. परंतु त्यामागे वकिलांचा जुना हिशेब होता. राजाकडून लष्करी धारणेने थेट जमीन घेतली, तर वारसाच्या पालकत्वापासून विवाहाच्या परवानगीपर्यंत अनेक बंधने व देणी मागे लागत. सॉकेज म्हणजे शस्त्रसेवेऐवजी ठरावीक देणे देऊन धारण केलेली जमीन. एखाद्या राजकीय मॅनरच्या नावाने सॉकेज धारणा लिहिली की त्या देण्यांतून सुटका होई. ईस्ट ग्रीनिच हे राजाचे मॅनर असल्याने सनदकारांना ते सोयीचे होते. १६०६ मध्ये व्हर्जिनियाची सनदही याच मॅनरच्या नावाने निघाली होती. लष्करी धारणा इंग्लंडमध्ये १६६० मध्येच रद्द झाली होती, तरी लेखणी जुन्याच वळणाने चालत राहिली.

कंपनी आता पट्टेदार होती, पण तिच्या खालचे जमीनधारक तिला धनी मानावयास तयार नव्हते. उत्पन्नाचा चौथा हिस्सा राजाचा, असा कंपनीचा दावा होता. जमीन आपलीच आहे, असे धारकांचे म्हणणे होते. गव्हर्नर जेराल्ड आँजिए याने १६७२ मध्ये तडजोड घडवून आणली आणि १६७४ मध्ये ती कायम झाली. धारकांनी मिळून वर्षाला २०,००० शेराफिन द्यावेत आणि त्या बदल्यात त्यांचा ताबा निर्विवाद मानावा, असे ठरले. या देण्याला पोर्तुगीज शब्दावरून 'पेन्शन' म्हणत. पुढे त्यात दुसऱ्या कराची भर पडून 'पेन्शन अँड टॅक्स' हा धारणाप्रकार रूढ झाला. ही तडजोड आँजिएच्या मुत्सद्देगिरीचा नमुना म्हणून वाखाणली जाते, आणि ते योग्यही आहे. तथापि करार झाला तो जमीनधारकांशी. ज्या कुणब्यांच्या श्रमावर ती शेते उभी होती, ते या कराराचे पक्षकार नव्हते. इंग्लंडच्या मॅनरमधील बांधलेल्या कुळाला निदान न्यायासनाच्या दप्तरात नावाची नोंद मिळे, आणि त्या नोंदीची नक्कल हाच कालांतराने त्याचा हक्क ठरला. मुंबईच्या कुणब्याच्या वाट्याला ती नक्कलही आली नाही.

पुढील काळात दुसरीही नावे रूढ झाली. समुद्र हटवून लागवडीस आणलेल्या खाजण जमिनी 'फोरास' म्हणून ओळखल्या जात. या शब्दाचा संबंध फोरोशी जोडला जातो. 'बाहेरची जमीन' असाही अर्थ लावला जातो. फोरास रोड हे नाव त्यातूनच आले. १८५१ च्या फोरास कायद्याने सारा वगळता या जमिनींवरील कंपनीचे हक्क संपुष्टात आणले. भातशेतीच्या ठरावीक हिश्शाची 'टोका' धारणाही नांदत होती. साष्टीत १७३९ नंतर मराठी अंमल होता आणि १७७४ पासून कंपनीचा. तेथे कंपनीने स्वतःच नवे धनी निर्माण केले. १८०८ मध्ये अपोलो बंदराजवळील जागेच्या बदल्यात होरमसजी बमनजी वाडिया यांना कुर्ला व काही गावे मिळाली. १८३० मध्ये बैरामजी जिजीभाई यांना सात गावे मिळाली. साष्टीतील अशा इस्टेटींची साऱ्याची माफी १९५१ च्या कायद्याने रद्द झाली.

१८५८ मध्ये कंपनीची राजवट संपली. ईस्ट ग्रीनिचच्या नावाने बेट धारण करणारा पट्टेदार आणि ज्याच्याकडून ते धारण केले तो राजमुकुट, हे दोघे एकच झाले. ती धारणा कोणी रद्द केली नाही. तिला अर्थच उरला नाही. ओर्ताच्या घराभोवती मुंबईचा किल्ला उभा राहिला होता. आज ती जागा नौदलाच्या आंग्रे तळात आहे. परळच्या जेझुइट मठाचे गव्हर्नरांचे निवासस्थान झाले आणि १८९९ मध्ये तेथे हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली.

देशावरील गावाशी तुलना केली, तर फरक लक्षात येतो. तेथे पाटील, कुलकर्णी व बलुतेदार यांचे हक्क वतनाचे, म्हणजे गावासाठी करावयाच्या सेवेशी जोडलेले होते. इनामदार किंवा सरंजामदार बदलला, तरी वतनदार राही. वतने स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी रद्द झाली. वारज्यासारखी गावे १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आली आणि शेताचे भूखंड झाले. अशा वेळी सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, आणि 'इतर अधिकार' या स्तंभात काय लिहिले आहे, यावरून जमीन विनापरवानगी विकता येईल की नाही, हे ठरते. वतन गेले, पण त्याची अट पुष्कळदा जमिनीला चिकटून राहिली.

इंग्लंडमध्ये याच्या उलट घडले. १९२२ च्या कायद्यान्वये १ जानेवारी १९२६ पासून नकलेवरची कुळधारणा संपली आणि जमीन कुळाच्या पूर्ण मालकीची झाली. धन्याकडे 'लॉर्ड ऑफ द मॅनर' हा किताब उरला. जमिनीवाचून तो आजही विकता येतो, मात्र १३ ऑक्टोबर २००३ पासून त्याची नव्याने जमीन-नोंदणी होत नाही. मुंबईत १९६९ च्या कायद्याने इनामी व विशेष धारणाप्रकार रद्द केले. तरीही जुन्या मिळकतींच्या पत्रिकांवर 'फोरास' आणि 'पेन्शन अँड टॅक्स' हे शब्द आढळतात, आणि मिळकतीचे हक्क तपासणाऱ्या वकिलाला त्यांचा अर्थ अजूनही लावावा लागतो.