मालकाचा स्वभाव आणि धंद्याचा हिशेब

छोट्या धंद्यात मालक, व्यवस्थापक, विक्रेता आणि पडेल ते काम करणारा गडी ही सगळी कामे बहुधा एकाच माणसाच्या अंगावर असतात. त्यामुळे त्या माणसाच्या स्वभावातल्या खोडी थेट हिशेबाच्या वहीत उतरतात. मोठ्या कंपनीत मालकाचा तापटपणा किंवा भिडस्तपणा निस्तरायला मध्ये चार अधिकारी असतात. रत्नागिरी तालुक्यातल्या मालगुंडसारख्या गावात, जिथे घराच्या पडवीतच खानावळ चालते आणि माडीवरच्या दोन-तीन खोल्या पर्यटकांना दिल्या जातात, तिथे मध्ये कोणीच नसते. भिडस्त मालकाची उधारी थकते. तापट मालकाकडे मदतीला माणूस टिकत नाही. सगळे स्वतःच्याच हाताने केले तर समाधान, असा ज्याचा स्वभाव, त्याचा धंदा त्या दोन हातांपलीकडे वाढत नाही. आपल्याला काय येते, काय येत नाही, कशाची धास्ती वाटते, कशाचा मोह पडतो आणि कात्रीत सापडल्यावर आपण कसे वागतो, याची खरी माहिती असणे म्हणजे उद्योजकाचे आत्मभान. त्या माहितीवरून स्वतःच्या वागण्यात किंवा धंद्याच्या घडणीत बदल करणे हा त्याचा व्यक्तिगत विकास. पहिले असून दुसरे नसलेली माणसे पुष्कळ असतात. ‘माझा स्वभावच तापट आहे’ असे अभिमानाने सांगणाऱ्याला स्वतःची माहिती असते, पण धंद्याला तिचा काडीचा उपयोग होत नाही.

मालगुंड हे कवी केशवसुतांचे जन्मगाव. त्यांच्या स्मारकामुळे साहित्यप्रेमींची पावले तिकडे वळतात. त्याहून कितीतरी मोठी गर्दी शेजारच्या गणपतीपुळ्याच्या देवळाची आणि समुद्राची. या टापूतल्या कमाईला आंबा आणि पर्यटक हे दोन मोठे आधार, आणि दोन्ही हंगामी. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या पडतात, आंब्याचे पैसे तर उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांतच हाती येतात. मे महिन्यात गल्ला भरलेला दिसतो तेव्हा तो वर्षभराचा आहे हे ध्यानात ठेवणे गणिताच्या दृष्टीने सोपे असते. स्वभावाला मात्र जड जाते. गल्ला आणि घरखर्च एकाच डब्यात असला, तर जूनमध्ये धंदा नफ्यात होता की नुसती वर्दळ होती, हे मालकालाही सांगता येत नाही.

हापूसच्या बागायतदाराचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. जुनी रीत अशी: मोहोर टिकवायचा, फवारणी करायची, वानरांपासून राखण करायची, तयार फळ झेल्याने उतरवायचे, पेट्या भरून वाशीच्या बाजारात पाठवायच्या आणि दलालाकडून पट्टी येण्याची वाट पाहायची. पट्टीवर भाव लिहिलेला असतो, भाडे-हमाली वजा असते आणि हंगामाआधी घेतलेली उचलही वळती झालेली असते. भाव का पडला, हे पट्टी सांगत नाही. मात्र या रीतीत बागायतदाराची एक सोयही असते: गिऱ्हाइकाचे तोंड त्याला पाहावे लागत नाही. तोच बागायतदार पुण्या-मुंबईच्या घरांना थेट पेटी पाठवू लागला की ही आडभिंत जाते. हापूसमध्ये साका नावाचा दोष असतो. वरून निर्दोष दिसणारे पिकलेले फळ कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा गर निघतो, आणि कापल्याशिवाय तो कळत नाही. दलालाकडे गेलेल्या पेटीतला साका बागायतदाराला कधी ठाऊकच होत नसे. थेट विक्रीत मात्र त्याच संध्याकाळी फोन येतो. ‘आमच्या बागेत असे फळ निघणारच नाही,’ असे ठसक्यात सांगणारा आपल्या कलमांची बाजू राखतो आणि गिऱ्हाईक घालवतो. दुसरा साका म्हणजे काय ते सांगतो, तेवढी फळे बदलून देतो आणि पुढच्या वर्षीची मागणी मिळवतो. दोघांची माती एक, खर्च जवळपास एक. फरक पडतो तो तक्रार कानावर आल्यावर मनात काय उसळते हे ओळखण्यात, आणि ते ओसरेपर्यंत गप्प बसण्यात. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याने नावाला संरक्षण मिळते. फोनवर कसे बोलावे हे मानांकनातून येत नाही.

स्वतःची मर्यादा ओळखून उद्योग उभा करण्याचे महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे आहे. 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथे त्यांचा जन्म झाला. चित्रकार होण्याच्या ओढीने 1885 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोनेक वर्षांत असे उघड झाले की त्यांना काही रंगांतला फरक नीट दिसत नाही. चित्रकाराच्या वाटेवर याहून मोठा अडसर नाही. ते चित्रकलेपासून बाजूला झाले, पण आपल्यातले सगळेच निकामी ठरले असे त्यांनी मानले नाही. रेषेवर हात पक्का होता, यंत्रांची ओढ होती. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला आले. भावाच्या साथीने सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर, असा तो प्रवास झाला.

नांगराच्या वेळी गोष्ट उलटी घडली. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि सुरुवातीची सुमारे दोन वर्षे नांगराला गिऱ्हाईक मिळेना. कलाशाळेतला अडसर दिसताच बाजूला झालेला हा माणूस इथे मात्र हटला नाही. वरवर पाहता ही विसंगती वाटते, पण आत्मभानाचे सगळे मर्म तिच्यात आहे. रंग न दिसणे ही स्वतःच्या डोळ्यांतली गोष्ट होती; कितीही जिद्द धरली तरी ती बदलणार नव्हती. शेतकऱ्याची समजूत ही बाहेरची गोष्ट होती, आणि नांगराच्या कामावर भरवसा असेल तर ती आज ना उद्या बदलणार होती. कुठे थांबायचे आणि कुठे चिकाटी धरायची, याचा निवाडा ज्याला आपली खरी कुवत ठाऊक आहे त्यालाच नीट करता येतो. ‘हार मानू नका’ हा उद्योजकांना सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. तो जसाच्या तसा पाळला असता तर लक्ष्मणराव बेताचे चित्रकार म्हणून झिजले असते.

पुढे बेळगावातली जागा सोडण्याची वेळ आली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती त्यांच्या मदतीला आले आणि 1910 मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. यंत्र आणि आराखडा हे लक्ष्मणरावांचे बलस्थान. वसाहतीचा कारभार बंधू रामुअण्णांनी सांभाळला, कारखान्यातल्या तांत्रिक कामात शंभोअण्णा जांभेकरांसारखा हरहुन्नरी माणूस जोडला गेला. आपल्याला जे जमत नाही त्याबद्दल नुसती खंत करण्यापेक्षा ते ज्याला जमते त्याच्या हाती सोपवणे, ही आत्मभानाची व्यवहारातली खूण मानायला हरकत नाही. छोट्या मालकाला हेच सर्वांत अवघड जाते, कारण सोपवणे म्हणजे आपले महत्त्व कमी होणे असे त्याला वाटत असते.

योगायोग असा की त्याच 1885 साली जे. जे. मध्ये आणखी एक मराठी मुलगा शिकायला आला होता: धुंडिराज गोविंद फाळके. 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट प्रेक्षकांसमोर आणणारे दादासाहेब हिकमतीत आणि धाडसात कोणाला हार जाणारे नव्हते. भागीदारी मात्र त्यांना मानवली नाही. छपाईच्या धंद्यात भागीदारांशी बिनसले आणि त्यातून ते बाहेर पडले. 1918 मध्ये नाशिकला हिंदुस्तान फिल्म कंपनी उभी राहिली, तिथेही मतभेद विकोपाला गेले आणि दादासाहेब राजीनामा देऊन काशीला निघून गेले. काही काळाने ते परतले, पण भांडवलवाले आणि कलावंत यांची घडी पहिल्यासारखी बसली नाही. दोष एकट्या फाळक्यांचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. भागीदारांनाही कलेची घाई आणि कलेचा खर्च समजत नव्हता. तरीही तोच पेच दोन वेगळ्या धंद्यांत, वेगळ्या माणसांबरोबर पुन्हा पडतो, तेव्हा दोन्ही ठिकाणी समान असलेल्या माणसाने आपल्याकडे पाहण्याची गरज असते. प्रतिभा मोठी असली की हे पाहणे अधिकच कठीण होते, कारण आजूबाजूचे लोक ते सांगायला धजत नाहीत.

हे सगळे जन्मजात असते की शिकता येते, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत्यक्ष प्रयोगांनी तपासला गेला, आणि त्यातला सर्वांत गाजलेला प्रयोग भारतातच झाला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी 1964 मध्ये आंध्रातल्या काकिनाडा इथल्या छोट्या व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत नेऊन प्रशिक्षण दिले. त्यात हिशेब किंवा यंत्रे यांवर भर नव्हता. एक खेळ होता: खुंटीवर कडे फेकायचे, किती लांबून फेकायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. काही जण अगदी जवळ उभे राहत, काही जण मर्दुमकी दाखवायला फार लांब जात. जमेल पण कष्टाने जमेल असे मधले अंतर निवडणारे उद्योगाला अधिक योग्य, असे मॅक्लेलँड यांचे म्हणणे. खेळ संपल्यावर प्रत्येकाने आपण तिथेच का उभे राहिलो याचा विचार करायचा. पुढच्या काळात केलेल्या पाहणीत प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा या व्यावसायिकांनी विस्तार, गुंतवणूक आणि नवे धंदे यांत अधिक हालचाल केलेली आढळली. 1969 मध्ये या कामावरचे पुस्तक निघाले. उद्योजकता प्रशिक्षणात प्रेरणा आणि आत्मपरीक्षणाचे तास आले त्यामागे हा धागा आहे; औरंगाबादला 1988 मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची परंपराही त्याच घराण्यातली.

अलीकडचा पुरावा आफ्रिकेतला आहे. टोगो देशात सुमारे 1,500 छोट्या व्यावसायिकांचे तीन गट केले गेले. एका गटाला हिशेब, विक्री, भांडवल यांचे नेहमीचे प्रशिक्षण मिळाले. दुसऱ्याला स्वतःहून पुढाकार घेणे, पुढची अडचण आधी ओळखणे आणि अपयशातून सावरणे शिकवले गेले. तिसऱ्या गटाला काहीच नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या गटाचा नफा काहीच न शिकलेल्यांच्या तुलनेत 30 टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाने झालेली वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतकी नव्हती. यावरून हिशेब शिकू नये असा अर्थ मात्र काढता येत नाही. वही ठेवायला शिकवलेला माणूस ती रोज उघडेलच असे नसते, इतकेच.

आत्मविश्वासाच्या बाबतीत तर स्वतःचा अंदाज हमखास चुकतो. अमेरिकेत 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नव्याने धंद्यात पडलेल्या 2,994 जणांना यशाची शक्यता विचारली गेली. 81 टक्के जणांनी ती दहात सात किंवा त्याहून अधिक सांगितली, तिघांतल्या एकाने चक्क दहात दहा. आपल्यासारखाच धंदा दुसऱ्या कोणी केला तर काय, असे विचारल्यावर दहात सात किंवा त्याहून अधिक सांगणारे 39 टक्केच निघाले. कोकणात याचा उलटा दोषही दिसतो. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीवर घरे चालली आणि ‘कोकणी माणसाला धंदा जमत नाही’ हे वाक्य कोकणी माणसानेच इतके घोटले, की पुष्कळांनी स्वतःला तपासण्याआधीच नापास करून टाकले. फाजील विश्वास आणि हा न्यूनगंड या दोन्हींत माणूस स्वतःकडे न पाहता ऐकीव गोष्टीवर चाललेला असतो.

आत्मभान डोळे मिटून बसल्याने येत नाही. ते कागदावर आणि दुसऱ्याच्या तोंडून येते. काही साध्या सवयी उपयोगी पडतात. मोठा निर्णय घेताना, म्हणजे आणखी दोन खोल्या बांधायच्या किंवा कर्ज काढून आंबा-काजू प्रक्रियेची यंत्रे घ्यायची असे ठरवताना, त्यामागची अपेक्षा तारखेसह लिहून ठेवावी आणि वर्षाने ताडून पाहावी. स्मरणशक्ती मालकाच्या बाजूने साक्ष देते, कागद देत नाही. घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरी, मालकाची धरून, खर्चात मांडावी. त्याशिवाय नफा खरा की फुकटच्या राबण्याचा हे कळत नाही. पहाटे उठून आंबोळ्या घालणाऱ्या, दिवसभर चादरी धुणाऱ्या घरच्या बाईचे कष्ट बहुतेक हिशेबांत कुठेच नसतात. धंद्याच्या दुबळ्या बाजू मात्र तिलाच सर्वांत आधी ठाऊक असतात, आणि तिला विचारणारा मालक विरळा. नाराज गिऱ्हाईक आणि सोडून गेलेला गडी ही माहितीची आणखी दोन ठिकाणे; दोघांशीही बोलणे नकोसे वाटते म्हणूनच तिथली माहिती कोणी आणत नाही.

या सगळ्याला हद्दी आहेत, आणि त्या सांगितल्या नाहीत तर दोष भलत्याच्या माथी जातो. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने रत्नागिरी-सिंधुदुर्गातला ऐन हंगामातला आंबा झोडपला. त्यात कोणाच्या स्वभावाचा संबंध नव्हता. अवेळी पाऊस पडला की मोहोर शहाण्याचाही गळतो. कोकणातल्या पुष्कळ जमिनींचे सातबारे सामाईक आहेत. एका उताऱ्यावर भाऊबंदांची नावे दाटीने असतात, त्यांतली निम्मी माणसे मुंबईत, काही हयात नाहीत आणि वारसनोंद झालेली नाही. अशा उताऱ्यावर तारण कर्ज मिळणे कठीण जाते, मग अर्जदार कितीही नेटका असो. बाईने धंदा चालवायचा आणि घर-जमीन दुसऱ्याच्या नावावर, अशी स्थिती असेल तर अडचण दुप्पट. तिथे आत्मभान पुरत नाही; वाटणीपत्र, वारसनोंद आणि तलाठ्याकडच्या खेपा लागतात.